शेवटचं अर्धं पान

कमळाकर नाखवा पनवेलच्या एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवायचा. मूळचा उरणजवळच्या करंज्याचा. वडील आणि दोन्ही भाऊ मासेमारीला जात, हा एकटाच शिकायला म्हणून बाहेर पडला आणि पनवेललाच राहिला. वडाळे तलावाच्या बाजूला दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको सुनिता राहत. घरात भिंतीला लागून पुस्तकं रचलेली होती, त्यातली निम्मी विज्ञानकथांची. सुनिता म्हणायची, "ह्या घरात परग्रहावरचे पाहुणे जास्त येतात, माझ्या माहेरचे कमी."

शाळेत त्याच्या वर्गात उरणच्या बाजूची, गव्हाण-कर्नाळ्याकडची, तळोज्याच्या वसाहतीतली अशी सगळीकडची मुलं होती. धड्याचं पुस्तक काढलं की मुलं मान खाली घालायची. पण एखाद्या शनिवारी शेवटच्या तासाला कमळाकर विज्ञानकथा वाचायला घ्यायचा तेव्हा मागच्या बाकावरचे पुढे सरकून बसायचे. त्यातून त्याच्या डोक्यात आलं की ह्या मुलांसाठी एक संग्रह करावा. विज्ञानकथा आणि अद्भुतकथा, पण इथल्या. ज्यात खाडी असेल, मिठागरं असतील, नवीन होणारं शहर असेल. शाळेत पूरक वाचनाला लागेल असा एक आणि पुढे मोठ्यांसाठी वेगळी आवृत्ती.

लाईन आळीत त्याच्या कॉलेजातल्या मित्राचा, गुरुदत्त ओगलेचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. गुरुदत्तला आयुष्यात एकदा तरी शिवणीचं, पुठ्ठ्याचं खरं पुस्तक छापायचं होतं. तो म्हणाला, "तू गोष्टी जमव. बाकीचं माझ्यावर सोड." जिल्ह्याच्या साप्ताहिकात त्यांनी आवाहन छापलं. हे १९९० साल.

गोष्टी आल्या, भरपूर आल्या. कमळाकर शाळा सुटल्यावर छापखान्यात बसून वाचायचा आणि कपाळाला हात लावायचा. जवळजवळ प्रत्येक शास्त्रज्ञाला दाढी होती आणि त्याची एकुलती एक मुलगी कोणीतरी पळवलेली होती. एका गोष्टीत यंत्रमानव दिवाळीला मालकाच्या पाया पडत होता. तरी त्यातून त्याने निवडल्या, लेखकांना भेटला, पुन्हा लिहून घेतल्या. संपादन म्हणजे गोष्ट लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं ते त्याच्याकडून म्हणवून घेणं, असं तो गुरुदत्तला सांगायचा, आणि ते त्याला जमतही होतं.

मग आपट्याहून एक जाड पाकीट आलं. लिहिणारी मनिषा घरत. रसायनीच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, नदीच्या पाण्याचे नमुने तपासायची. तिने शाईच्या पेनने, फुलस्केप कागदावर, समास सोडून लिहिलं होतं. गोष्टीचं नाव होतं 'दुरुस्तीला गेलेली नदी'.

गोष्ट अशी होती. एका गावची नदी बिघडते. साहेब लोक येतात, नदी टँकरमध्ये भरतात आणि गावकऱ्यांना पावती देतात की दुरुस्त करून परत मिळेल. वर्षं जातात. कोरड्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत मोठी होतात. आणि एक दिवस नदी खरंच परत येते. तेवढीच रुंद, तेवढीच खोल, पाणी स्वच्छ. पण ती कोणाला ओळखत नाही. घाटाशी थांबायची तिथे थांबत नाही, वळायची तिथे वळत नाही. लोक हळूहळू ते मान्य करून टाकतात. एक म्हातारी मात्र रोज काठावर जाऊन बसते आणि नदीला आपली ओळख सांगते. मी अमक्याची सून, माझा धाकटा तू नेलास, माझी हळद इथेच धुतली. ती सांगत राहते, आणि शेवटच्या अर्ध्या पानात नदी तिच्याशी बोलते.

नदी आपट्याच्या बोलीत बोलत होती. ओळख पटली असं ती कुठेच म्हणत नव्हती. ओळखत नाही असंच म्हणत होती. पण ते अशा तऱ्हेने म्हणत होती की कमळाकर वाचून झाल्यावर कितीतरी वेळ छापखान्याच्या बाकावर तसाच बसून राहिला. गुरुदत्तने विचारलं, "काय रे, बरं वाटत नाही का?" त्याने ते कागद गुरुदत्तच्या हातात दिले.

त्या शनिवारी त्याने ती गोष्ट नववीच्या वर्गात वाचली. शेवट वाचून संपवला. घंटा झाली. पुढच्या बाकावरची रिया नावाची मुलगी म्हणाली, "सर, मग ती म्हातारी दुसऱ्या दिवशी पण गेली असेल ना?" मागून गोरख म्हणाला, "जाणारच. दुसरं काय करणार?" आणि त्या दोघांचं त्यावरून व्हरांड्यापर्यंत भांडण झालं. कमळाकर त्या दिवशी घरी गेला तेव्हा सुनिताला वाटलं, ह्याला बढती मिळाली.

शाळांत पुस्तक लागायचं तर एखाद्या मोठ्या शिक्षणसंस्थेने ते घ्यायला हवं होतं. अशा एका संस्थेच्या शाळा जिल्हाभर होत्या आणि तिची पुस्तक निवड समिती होती. गुरुदत्त आणि कमळाकर सगळ्या कथा घेऊन समितीपुढे गेले. तिघं सभासद होते, चांगली माणसं होती, चहा दिला, संग्रहाचं कौतुक केलं. मग अध्यक्षांनी मनिषाची गोष्ट बाजूला काढली.

"ही नाही चालणार, नाखवा सर."

"हीच तर सगळ्यात चांगली आहे."

"असेल. पण मुलांना यातून काय मिळतं? सरकारी माणसं नदी पळवतात. विज्ञान हरतं. शेवटी निराशा. आणि ही भाषा. 'वलकत नाय', 'कोन'. आम्ही वर्षभर मुलांचा ण सुधारत बसतो, आणि पुस्तकातच असं छापलं तर शिक्षकांनी काय करायचं?"

दुसरे सभासद मवाळ होते. ते म्हणाले, "पूर्ण काढू नका. शेवट बदला. गावातलाच एखादा मुलगा इंजिनीअर होऊन येतो, नदीची वळणं पूर्ववत करतो, नदी म्हातारीला ओळखते. वैज्ञानिक दृष्टिकोन पण येईल आणि आशावाद पण."

कमळाकर म्हणाला की तो ही गोष्ट वगळून पुस्तक देईल, पण शेवट बदलणार नाही. आणि दोघं उठून आले. बाहेर आल्यावर गुरुदत्त त्याला एवढंच म्हणाला, "तू तिला विचारलंस का? वगळू का बदलू, हे तिनं ठरवायला नको?"

म्हणून तो आपट्याला गेला. शिरढोण, कर्नाळा मागे टाकत एसटी आपट्याच्या फाट्यावर पोचली, तिथून तो चालत गेला. घर नदीच्या बाजूलाच होतं. दारात मनिषाची आई गंगाबाई तांदूळ पाखडत होती. आत मनिषा खाटेवर उशीला टेकून बसली होती. पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, चेहरा सुजलेला, हात मात्र काटकीसारखे. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. भाऊ जीवन तिला मुंबईला घेऊन जायचा, तिथे डॉक्टर तिला डायलिसिसच्या यंत्राला लावायचे, मग तो परत आणायचा. पत्रात तिने यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"तुम्ही बसा ना," कमळाकर म्हणाला, कारण ती उठायला बघत होती.

"मला अहोजाहो नका करू, सर."

त्याने समितीचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. इंजिनीअरचं आलं तेव्हा तिला हसू आलं आणि हसताना धाप लागली.

"वगळलं तर पुस्तक कधी येईल?" तिने विचारलं.

"तुझी गोष्ट मग मोठ्यांच्या आवृत्तीत घेऊ. त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल."

ती खिडकीकडे बघू लागली. वर्ष-दीड वर्ष हा शब्द उच्चारल्याबरोबर कमळाकरला कळलं होतं की आपण काय बोलून बसलो.

"मग बदला," ती म्हणाली. "मुलांच्या पुस्तकात बदला. मला ते छापलेलं हातात घ्यायचंय. पण मोठ्यांच्या पुस्तकात माझाच शेवट घालायचा, सर. जसाच्या तसा. न आणि ण सकट."

"शब्द देतो."

"आणि माझ्याकडे दुसरी प्रत नाही. लिहिताना कच्चं होतं ते आईने चुलीत घातलं, तिला वाटलं जुने पेपर." ती पुन्हा हसली. "तेवढं सांभाळा."

तो परत आला आणि त्याच आठवड्यात त्याने नवीन शेवट लिहिला. त्याला ते अवघड जाईल असं वाटलं होतं, पण गेलं नाही. इतकी वर्षं धडे शिकवून ती भाषा त्याच्या हातात बसलेली होती. तरुण इंजिनीअर आला, जुना नकाशा उघडला, वळणं पूर्ववत झाली, नदी म्हातारीला 'आजी' म्हणाली. समितीने एका बैठकीत मंजुरी दिली.

आता घाई होती. गुरुदत्तकडे तेव्हा शिशाचे खिळे जुळवून छपाई चालायची आणि त्याचा जुळारी काळूराम समोर दिसेल ते जुळवायचा, कारण त्याला तसंच सांगितलेलं होतं. कमळाकरने मनिषाच्या शेवटावर पेन्सिलीने काट मारून नवीन शेवट जोडला होता, तर पहिल्या प्रुफात दोन्ही शेवट एकामागून एक आले. गुरुदत्त म्हणाला, "असं नको. त्याच्यावर कागद चिकटव, म्हणजे प्रश्नच नाही." छापखान्यात खळीचं डबडं नेहमीच असायचं. कमळाकरला वाटलं, आधी झेरॉक्स काढून आणावी. तो टपाल नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलाही, पण शुक्रवार होता, दुपारभर वीज नव्हती. मुंबईहून जीवनचा निरोप आला होता की मनिषाला दवाखान्यात ठेवून घेतलंय. कमळाकर परत आला, बोटाने खळ पसरली आणि स्वतःच्या अक्षरातला कागद तिच्या शेवटच्या अर्ध्या पानावर दाबून बसवला. कागद नंतर काढता येईल, असं त्याला वाटलं. खरं तर त्या क्षणी त्याने तेवढाही विचार केला नसावा. जुळारी वाट बघत उभा होता. दोन्ही शेवटांचं ते पहिलं प्रूफ कुठे गेलं, याकडेही कोणाचं लक्ष नव्हतं. छापखान्यात रद्द झालेल्या प्रुफांनी शाईचे हात पुसत.

पुस्तक झालं. निळ्या पुठ्ठ्याचं, नाव 'न घडलेल्या गोष्टी'. पहिली प्रत घेऊन कमळाकर आपट्याला गेला. मनिषाला घरी आणलं होतं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं होतं. तिने पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, अनुक्रमणिकेत आपलं नाव शोधलं. मग आपली गोष्ट उघडली आणि शेवटून वाचायला लागली. कमळाकर जमिनीकडे बघत बसला. तिचं वाचून झालं तरी तिने पुस्तक बंद केलं नाही, त्या पानावर हात ठेवून ती पडून राहिली.

"छान छापलंय," ती म्हणाली.

"मोठ्यांच्या आवृत्तीत—"

"हो. मला माहीत आहे."

त्याच महिन्यात ती गेली. कमळाकरला कळलं तोवर सगळं आटोपलं होतं.

शाळांत पुस्तक लागलं, कमळाकरच्या शाळेतही. मोठ्यांच्या आवृत्तीचं मात्र दोन वर्षं काही झालं नाही. गुरुदत्तने खिळे विकून ऑफसेटचं यंत्र घेतलं, छापखाना नवीन पनवेलला हलवला, कामं वाढली. मग १९९४ मध्ये छापखान्यात पुण्याहून एका प्रकाशकांचा फोन आला. ते मराठी अद्भुतकथांचा मोठा संग्रह काढत होते, वाचकांसाठी, कोणत्याही समितीशिवाय. कोणीतरी त्यांना शाळेचं पुस्तक दाखवलं होतं. मनिषा घरत कोण, तिची गोष्ट आम्हाला हवी, ते म्हणाले.

गुरुदत्त धावत शाळेत सांगायला आला. कमळाकरने मधल्या सुट्टीतच त्यांना फोन लावला आणि सांगितलं की छापलेला शेवट तिचा नाही, मूळ शेवट माझ्याकडे आहे, तो पाठवतो. पलीकडचे गृहस्थ खूश झाले. "मूळच द्या. दिवाळीपर्यंत जागा ठेवतो," ते म्हणाले.

हस्तलिखित कमळाकरने जपून ठेवलेलं होतं, कापडात बांधून, लोखंडी पेटीत. रविवारी सकाळी त्याने ते बाहेर काढलं. शेवटच्या पानावरचा स्वतःचा कागद त्याने नखाने उचलून बघितला. तो दगडासारखा बसला होता. खळ तीन पावसाळे खाऊन कागदात मुरली होती. त्याने कोपरा ओढला तर खालचा कागदही सोबत यायला लागला.

सुनिता म्हणाली, "वाफ द्या. पाकिटावरचे स्टॅम्प तसेच सुटतात."

तिने स्टोव्हवर पातेलं ठेवलं. दोघांनी पान वाफेवर धरलं. कागद मऊ झाला. कमळाकरने सुरीच्या पाठीने हळूहळू वरचा थर सरकवला. काही अक्षरं दिसली. त्याने आणखी वाफ दिली. मग सुनिताने त्याचा हात धरला.

"थांबा. शाई बघा."

मनिषाची शाई पाण्याची होती. वाफेने ती पसरत होती. निळे डाग मोठे होत होते आणि एकमेकांत मिसळत होते. कमळाकरने पान बाजूला घेतलं, टिपकागद दाबला, तर टिपकागदावर निळा ओघळ उमटला आणि कागदाचा पापुद्रा त्यालाच चिकटून आला. त्याने पुन्हा प्रयत्न केला. दुपारपर्यंत ताटात ओल्या कागदाचे तुकडे होते. एका तुकड्यावर 'पन' एवढं वाचता येत होतं. दुसऱ्यावर 'बस जरा'. बाकी काही नाही. उलट त्याचं स्वतःचं अक्षर, बॉलपेनचं, प्रत्येक तुकड्यावर जसंच्या तसं स्पष्ट होतं. 'इंजिनीअर' हा शब्द तर अख्खा शाबूत राहिला होता.

सुनिता म्हणाली, "तुम्ही किती वेळा वाचलंय ते. आठवेल. लिहून काढा."

तो लिहायला बसला. त्याला अर्थ आठवत होता. नदी म्हातारीला म्हणते, मी तुला ओळखत नाही, आणि म्हणताना तिला बसवून घेते, एवढं आठवत होतं. पण वाक्यं आठवत नव्हती. त्याने लिहिलं की ते त्याचंच वाक्य व्हायचं, स्वच्छ, शाळेतलं. ण चा न केला तरी आपट्याचं व्हायचं नाही, करंज्याचं व्हायचं, त्याच्या आईच्या तोंडचं. त्याने पानं भरली आणि फाडली. सगळ्यात वाईट हे होतं की तिचा शेवट आठवायला डोळे मिटले की त्याला स्वतःचा शेवट ऐकू यायचा, दोन-तीन वर्षं वर्गात वाचलेला, स्वल्पविरामांसकट.

मग त्याला नववीचा तो वर्ग आठवला. ज्यांनी मूळ ऐकलं होतं ती मुलं आता मोठी झाली होती. गोरख एसटी स्टँडच्या बाहेर रिक्षा चालवायचा. कमळाकरला बघून त्याने रिक्षा बाजूला घेतली, पाया पडला.

"ती नदीची गोष्ट, सर? आठवते ना. आम्ही भांडलेलो त्याच्यावरून."

"शेवटी नदी काय म्हणते?"

गोरखने विचार केला. "म्हातारी बुडते ना शेवटी? नदी तिला घेऊन जाते." मग कमळाकरचा चेहरा बघून तो म्हणाला, "नाही का? मला वाटलं तसंच आहे. सॉरी सर."

रिया कॉलेजला जायची. तिची गाठ तिच्या घरी पडली. ती लगेच म्हणाली, "नदी तिला आजी म्हणून हाक मारते. इंजिनीअर येतो ना. माझ्या भावाला पुस्तकात तीच आहे, मीच त्याचा अभ्यास घेते."

"ते नाही. मी वर्गात वाचला होता तो शेवट."

रिया गोंधळली. "तोच होता ना, सर?"

आता एकच जागा उरली होती. दसऱ्याच्या सुट्टीत तो आपट्याला गेला. गंगाबाई थकली होती पण तिने त्याला लगेच ओळखलं, ओटीवर चटई टाकली, पाणी दिलं. जीवन कामावर गेला होता. घरात दोघंच होती.

"गंगाबाई, मनिषाने तुम्हाला ती गोष्ट कधी सांगितली होती का? नदीची? शेवट कसा केला ते?"

"मला? नाय मास्तर. मी इचारायची, काय लिवतंस येवडं. तर बोलायची, आये, पुस्तक आलं का आयकवीन. पुस्तक आलं तवा तिला बोलवत पन नव्हतं."

"जीवनने नंतर वाचून दाखवली?"

"तो बोलला दोनदा. मीच नको बोलली. त्या पुस्तकाला हात लावायला मन धजत नव्हतं." ती आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. ते देवाच्या फळीवर होतं, पुठ्ठ्यावर धूर बसला होता. "आज तुमी आलाव तर तुमीच वाचा. तुमीच जमवलाव ना ते."

कमळाकरने पुस्तक घेतलं. नको म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. तो वाचायला लागला. सुरुवात मनिषाची होती, तिथे समितीने हात लावला नव्हता. टँकरची जागा आली तेव्हा गंगाबाई पदर तोंडाला लावून हसली. "पावती दिली नदीची," ती म्हणाली. "आशीच होती ती. वाकडं बोलायची." म्हातारी काठावर येऊन बसली तेव्हा ती म्हणाली, "ही माजी सासू हाय. आशीच बडबडायची नदीशी." आणि मग ती गुडघ्यांना मिठी मारून ऐकू लागली.

सांधा कुठे होता ते कमळाकरला पक्कं माहीत होतं. म्हातारीचं बोलणं संपतं आणि पुढच्या ओळीला 'इतक्यात' हा शब्द येतो. 'इतक्यात' त्याचा होता. तो तिथे थांबला.

"का थांबलाव? वलकते का नाय तिला?"

तिला सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पुण्याच्या माणसाला त्याने एका वाक्यात सांगितलं होतं, त्यात काहीच जड गेलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. गंगाबाई त्याच्याकडे बघत होती, तोंड किंचित उघडं, रोग्याजवळून बाहेर आलेल्या डॉक्टरकडे माणसं बघतात तशी.

त्याने 'इतक्यात' वाचलं. इंजिनीअर आला. नकाशा उघडला. नदीने वळण घेतलं, घाटाशी आली, थांबली आणि म्हणाली, आजी, मी आले.

गंगाबाईने डोळे पुसले.

"म्हंजे तिला वाटत होतं बरं होईल," ती म्हणाली. "मला वाटायचं ती आतून तुटलीय. आमच्यासाठी हसते नि आतून तुटलीय. रातचं मी तिच्या तोंडाकडं बगायची, तिच्या मनात काय हाय ते कळायचं नाय. आज कळलं." तिने पुढे होऊन त्या पानावर बोट ठेवलं. "ह्ये शेवटचं पन तिनंच लिवलंय ना, मास्तर?"

"हो," कमळाकर म्हणाला. "तिनंच."

"मंग येवडंच परत वाचा."

त्याने परत वाचलं.

पनवेलला उतरल्यावर तो गुरुदत्तकडे गेला आणि म्हणाला, पुण्याला कळव, मूळ सापडत नाही. गुरुदत्त म्हणाला, "ते म्हणतील छापलेला शेवट चालेल. काय हरकत आहे? निदान तिचं नाव राहील." कमळाकरने मान हलवली. तो शेवट तिच्या नावावर पुण्यात छापू देणं त्याच्याने होणार नव्हतं, आणि तो तिचा नाही हे त्या पुस्तकात छापू देणंही आता त्याच्याने होणार नव्हतं. पुण्याचं पुस्तक दिवाळीला आलं, त्यात मनिषा घरत नव्हती. पुस्तक चांगलं होतं. मोठ्यांच्या आवृत्तीचा विषय त्याने गुरुदत्तकडे पुन्हा काढला नाही, गुरुदत्तनेही काढला नाही. काही वर्षांनी शिक्षणसंस्थेने पूरक वाचनाला दुसरं पुस्तक लावलं आणि 'न घडलेल्या गोष्टी'च्या उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या.

आपट्याला मात्र त्याला जावं लागायचं. गंगाबाई सणासुदीला जीवनकडून निरोप पाठवायची. तो जायचा, चटईवर बसायचा. ती फळीवरून पुस्तक काढून आणायची आणि पान तिला माहीत झालं होतं, तिथेच उघडून त्याच्या हातात द्यायची. तेवढं अर्धं पान तो वाचायचा. मग चहा घेऊन संध्याकाळच्या एसटीने परत यायचा.